दर वैशाखात मूठ हलते, दर श्रावणात नळी अडकते

लाकडी वस्तूंच्या तक्रारी दोनच असतात आणि ठरलेल्या महिन्यांत येतात. एप्रिल संपत आला की काठीची मूठ हलायला लागते, खालच्या टोकाची पितळी शेंबी वाटेत कुठंतरी गळून पडते, एकतारीची खुंटी कितीही पिळली तरी तार धरत नाही. जुलै-ऑगस्टात सगळं उलटं. दुर्बिणीची सरकती नळी निम्म्यावर अडकून बसते आणि मेमध्ये गरगर फिरणारी तीच खुंटी आता पकड लावली तरी हलत नाही. सोलापुरात घरी लाकूडकाम करणारा प्रत्येक जण हे ऐकतो. बहुतेक जण मेमध्ये सांध्यात फेव्हिकॉल भरतात आणि ऑगस्टात पॉलिश पेपर घासतात. वर्षभरानं तेच गिऱ्हाईक तीच काठी घेऊन दारात उभं असतं: "काय बे, परत हलायलीय की!"

दुखणं एकच आहे. लाकडात लाकूड बसवलेला सांधा ज्या महिन्यात बिघडलेला दिसतो, त्या महिन्यात त्याच्यावर हत्यार चालवू नका. माझं सांगणं एवढंच आहे, पण त्यामागचं कारण कळल्याशिवाय हात थांबत नाही.

लाकूड किती हलतं

वाळलेलं, पॉलिश केलेलं लाकूडही हवेतली ओल घेत आणि सोडत राहतं. आपल्याकडे मेच्या दुपारी आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत खाली येते, श्रावणात सत्तर-ऐंशीच्या घरात जाते. त्या हिशेबानं उघड्या लाकडातली ओल उन्हाळ्यात वजनाच्या ६-७ टक्के आणि पावसाळ्यात १३-१४ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे वर्षाला सात टक्क्यांची ये-जा. कोकणातल्या माणसाकडे हवा वर्षभर ओलसर असल्यानं त्याचा जोड एवढा छळत नाही. आपल्याकडे उन्हाळा करपवणारा आणि पावसाळा कमी असला तरी दमट, त्यामुळे फरक मोठा पडतो.

ही ओल लाकडाला सगळीकडून सारखी फुगवत नाही. रेषेच्या दिशेनं, म्हणजे लांबीत, बदल जवळजवळ नसतोच. मीटरभर नळीत जेमतेम अर्धा मिलिमीटर. रुंदीत मात्र तो होतो, आणि तिथंही वाढीच्या वर्तुळांच्या कडेनं जेवढा होतो तेवढा गाभ्याकडून सालीकडे होत नाही, साधारण निम्मा होतो. सागवान हे हलण्याच्या बाबतीत सज्जन लाकूड. तरी सात टक्के ओलीच्या फरकानं सागाची २० मिलिमीटरची गोल खुंटी एका बाजूनं पाव मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूनं त्याच्या निम्मी बदलते. लेथवर गोल काढलेली खुंटी वर्षातला बराच काळ लंबगोल असते, हे एकदा डिजिटल कॅलिपर लावून स्वतः बघा. बाभूळ सागापेक्षा जास्त हलते.

दर वर्षी थोडी जास्त ढिली का होते

लाकूड आकसलं म्हणून मूठ हलली, तर पावसाळ्यात ती आपोआप घट्ट व्हायला हवी. तशी ती होतेही. मग पुढच्या उन्हाळ्यात आधीपेक्षा जास्त का हलते?

आडव्या मुठीची काठी डोळ्यांसमोर आणा. मुठीतल्या रेषा पुढून मागे जातात आणि काठीतल्या वरून खाली. काठीच्या डोक्यावरची खुंटी मुठीच्या भोकात बसवलेली असते. ते भोक पुढून-मागच्या दिशेनं मुठीच्या रेषेत आहे, म्हणजे तिथं ते ना वाढतं ना घटतं. खुंटी मात्र त्याच दिशेनं आडवी आहे, ती फुगते. पावसाळ्यात फुगलेल्या खुंटीला भोक जागा देत नाही, तेव्हा खुंटीतले तंतू चेंगरतात. चेंगरलेले तंतू परत पूर्ववत होत नाहीत. मे आला की खुंटी आकसते, पण आता गेल्या मेपेक्षा थोडी लहान मापाला जाऊन थांबते. असं दर वर्षी. कितीही भारी गोंद घातला तरी तो या चेंगरण्याला आडवा येत नाही.

गावाकडे कुऱ्हाडीचा दांडा हलला की कुऱ्हाड रात्रभर हौदात बुडवून ठेवायची पद्धत आहे. सकाळी दांडा गच्च असतो आणि चार दिवसांनी आधीपेक्षा ढिला, त्याचं कारणही हेच. एका रात्रीत तंतू चेंगरून घेतलेले असतात. काठीची मूठ पाण्यात बुडवून आणणारे लोक मला अजून भेटतात. कृपा करून तसं करू नका.

आता मेमध्ये ढिल्या सांध्यात पाचर मारली किंवा गोंद-भुसा ठासून भरला तर काय होतं तेही दिसेल. कोरड्या, आकसलेल्या खुंटीभोवती आपण जागाच शिल्लक ठेवली नाही. ऑगस्टात खुंटी फुगून मूठ आडवी तडकते, किंवा तंतू आणखी जोरात चेंगरतात. ऑगस्टात नळी घासणाऱ्याचंही तसंच. फुगलेल्या मापावर घासून सैल केलेली नळी डिसेंबरात, म्हणजे आकाश बघायच्या ऐन मोसमात, लडबडते.

आधी हलवून बघा

मूठ एका हातात आणि काठी दुसऱ्या हातात धरून आधी पुढे-मागे हलवा, मग डावी-उजवीकडे, मग पिळून बघा.

फक्त पुढे-मागे हलत असेल तर वर सांगितलेलं ओलीचंच दुखणं आहे. चारी बाजूंनी सारखी हलत असेल तर भोकच मुळात मोठं पाडलेलं आहे, किंवा ड्रिल थरथरलं होतं. हलत नाही पण फिरते, तर गोंद सुटलाय. हे बऱ्याचदा उन्हात उभ्या गाडीत काठी राहिल्यानं होतं. पांढरा गोंद तापला की मऊ पडतो, आणि मेमध्ये बंद गाडीच्या मागच्या काचेजवळ काय तापमान होतं हे होटगी रस्त्याला गाडी लावणाऱ्याला सांगायला नको. चौथा प्रकार वाईट: दाबल्यावर 'कट' असा बारीक आवाज येतो पण हलताना काही दिसत नाही. तिथं खुंटी आतल्या आत मोडत आलेली असते. ती काठी त्याच दिवसापासून वापरायची बंद. या धंद्यात बाकीच्या वस्तू बिघडल्या तर पैसे परत देता येतात, काठी मोडली तर म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडतं.

मुठीचा कायमचा इलाज

मी लाकडी खुंटीचा हट्ट सोडायला सांगतो. दिसायला ती शास्त्रशुद्ध वाटते, पण ज्या सांध्यावर माणसाचा भार पडतो तिथं आपल्या हवेत ती टिकत नाही.

जुनी खुंटी कापून सपाट करा. काठीच्या डोक्यात मधोमध १० मिलिमीटरचं भोक ५०-६० मिलिमीटर खोल पाडा, मुठीत ३०-३५ मिलिमीटर. त्यात ८ मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा आटेवाला रॉड इपॉक्सीनं, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या गोंदानं, बसवायचा. रॉड कानशीनं खरवडून थिनरनं पुसा, तेलाचा अंश राहिला तर इपॉक्सी धरत नाही. इपॉक्सी सावकाश घट्ट होणारं घ्या, पाच मिनिटांतलं नको. रॉड आणि लाकूड यांच्यात चारी बाजूंनी मिलिमीटरभर इपॉक्सीचा थर राहायला हवा, म्हणून भोक रॉडपेक्षा दोन मिलिमीटर मोठं. 'घट्ट बसतंय' म्हणून आठच्या रॉडला आठचंच भोक पाडलं तर लाकूड उन्हाळ्यात स्टीलवर आकसतं आणि काठी डोक्याकडून उभी चिरते.

भार रॉडवर येऊ देऊ नका, सांध्याच्या खांद्यावर, म्हणजे रॉडभोवतीच्या सपाट लाकडावर येऊ द्या. काठीचं डोकं आणि मुठीची खालची बाजू सपाट घासून एकमेकींवर पूर्ण टेकली पाहिजे. मध्ये कागद सरकला तर काम झालेलं नाही. सांध्यावर पितळी कडं घातलं तर हवेच्या फरकानं पडणारी बारीक फट झाकली जाते. हा इलाज कुठल्याही महिन्यात करता येतो, कारण इथं लाकडात लाकूड बसवायचं नाही.

ज्यांना लाकडी खुंटीच ठेवायची आहे त्यांनी निदान जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास हात लावावा. दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत आपल्याकडचं लाकूड दोन्ही टोकांच्या मधोमध असतं. त्या मापावर बसवलेला सांधा दोन्हीकडे थोडाच ताणला जातो.

शेंबी

"उन्हानं पितळ फुगतं म्हणून शेंबी सैल होते" हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की खोडायला संकोच वाटतो. हिशेब करा. २० मिलिमीटर व्यासाची पितळी शेंबी पंचवीस अंशांनी तापली तर जेमतेम एक शतांश मिलिमीटर वाढते. आतलं लाकूड त्याच काळात याच्या पंधरा-पंचवीस पट आकसलेलं असतं. दोष पितळेचा नाही.

शेंबीत आणखी एक गोम आहे. काठीचं खालचं टोक म्हणजे तंतूंची कापलेली तोंडं, आणि तिथून लाकूड बाजूंपेक्षा कितीतरी पट वेगानं पाणी ओढतं. वर तीन हात पॉलिश आणि शेंबीखाली कोरं लाकूड, अशी काठी पहिल्याच पावसात टोकाकडून पाणी पिते. रबरी बूट घातलेला असेल तर त्यात साचलेलं पाणी दिवसभर तिथंच राहतं. शेंबी काढल्यावर आत काळं पडलेलं, नखानं उकरलं जाणारं लाकूड दिसलं तर तेवढा तुकडा कापूनच टाका.

टोक पूर्ण वाळू द्या, पातळ इपॉक्सी किंचित कोमट करून टोकाला दोनदा पाजा. शेंबी ठोकून गच्च बसवायची नाही, हातानं दाबून बसेल इतपतच, आणि मधली जागा इपॉक्सीनं भरायची. मग आडवं भोक पाडून दोन मिलिमीटरची पितळी पिन आरपार घालून दोन्ही बाजूंनी घासून घ्या. पिन असली की गोंद सुटला तरी शेंबी रस्त्यात पडत नाही. रबरी बुटाच्या तळाशी सुईनं भोक ठेवा, पाणी निघून जाईल.

अडकलेली नळी

दुर्बिणीत गोष्ट जरा किचकट होते, आणि मला सगळ्यात जास्त मजा इथंच येते.

नळी ओढून काढायला जाऊ नका. एक माणूस बाहेरची धरतो, दुसरा आतली ओढतो, आणि भिंगाचा साचा, म्हणजे भिंग धरणारं लाकडी कडं, चिरतो. आधी आतली नळी जागच्या जागी पाव फेरा फिरवून बघा, लागलं तर अर्धा. बऱ्याचदा ती फिरता फिरता एका जागी अचानक मोकळी होते. कारण अखंड ठोकळ्यातून काढलेल्या दोन्ही नळ्या ओलीनं लंबगोल झालेल्या असतात. लंबगोलाचं लांब अंग लांब अंगासमोर आलं की जागा मिळते, आडवं आलं की अडकतं. मोकळी झाली त्या जागी दोन्ही नळ्यांवर पेन्सिलीनं सलग रेघ मारा. बस, पावसाळाभर ती रेघ जुळवूनच नळी सरकवायची. निम्म्या दुर्बिणी एवढ्यावर भागतात.

बाहेरची नळी पीव्हीसी पाइपची आणि आतली लाकडी असेल तर फिरवून फायदा नाही. पाइप ओल पीत नाही, लाकूड पितं, आणि ४० मिलिमीटरची सागाची नळी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जाड होते. अशी दुर्बीण प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत सिलिका जेलसोबत बांधून ठेवा. आठवड्याभरात सुटते, कधी जास्त लागतं. केशरी रंगाचं जेल घ्या, ओल भरली की ते हिरवं होतं. निळं जेल कोबाल्टचं असतं, ते पुन्हा कोरडं करायला स्वयंपाकाच्या कढईत भाजू नका. गच्चीवर उन्हात दुर्बीण ठेवायचा मोहही आवरा. एका बाजूनं झटकन वाळली की नळी उभी तडकते.

पुन्हा अडकू नये म्हणून नळीला नळी घासून सरकवायची ही रचनाच बदलावी लागते. हिवाळ्यात आतली नळी लेथवर घेऊन एकूण एक ते सव्वा मिलिमीटर मोकळीक काढा, आणि ती जागा लाकडाऐवजी फेल्टनं भरा. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्यांकडे असतं ते दाबलेलं लोकरीचं फेल्ट उत्तम. बाहेरच्या नळीच्या आत सारख्या अंतरावर तीन पट्ट्या, आणि तशाच तीन आणखी आत, पहिल्यांपासून नळीच्या व्यासाच्या दीडपट अंतरावर तरी. तीनच ठिकाणी टेकलेली नळी लंबगोल झाली तरी मधोमध राहते, आणि पट्ट्यांचे दोन संच असल्यानं टोक लोंबत नाही. सोलापुरात राहून चादरीचा तुकडा वापरायचा मोह कुणालाही होईल, पण सुताचे तंतू सुटून भिंगावर बसतात आणि सूत दाबलं की पुन्हा फुलत नाही. चादर दुर्बिणीवर पांघरा, आत घालू नका.

भिंगाच्या साच्याची तक्रार लोक घेऊन येतच नाहीत, कारण तिचा संबंध लाकडाशी आहे हे लक्षात येत नाही. "मेमध्ये तारे तीनकोनी दिसतात" म्हणतात आणि भिंग खराब आलं असं समजतात. एखादा ठळक तारा घ्या आणि आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, मुद्दाम थोडी बाहेर काढा. ताऱ्याची पसरलेली चकती गोल दिसायला हवी. ती लंबगोल किंवा तीनकोनी दिसली आणि हिवाळ्यात तशी दिसत नसेल, तर फळीतून कापलेलं लाकडी कडं उन्हाळ्यात आडवं आकसून भिंगाला चिमटतंय. फार आवळलं तर काचेची कड उडते. इलाज सोपा आहे: कडं अखंड फळीचं न घेता चांगल्या प्लायवूडचं कापा. त्यात थर उभे-आडवे चिकटवलेले असल्यानं ते कुठल्याच दिशेला फारसं हलत नाही. भिंगापेक्षा भोक मिलिमीटरभर मोठं ठेवा आणि बुचाच्या तीन पातळ चकत्यांवर भिंग टेकवा. हलवल्यावर भिंग अगदी किंचित खुळखुळलं तर घाबरू नका, ते तसंच हवं.

नळीच्या आतल्या बाजूला काळा रंग देताना बऱ्याच जणांचा हात आखडतो, 'आत कोण बघतंय'. बाहेर पॉलिश आणि आत कोरं असलं की नळी एकाच बाजूनं ओल पिते आणि वाकते. आतून शाळेच्या फळ्याचा काळा रंग दोन हात द्या. प्रकाशही मरतो, ओलही सावकाश शिरते.

एकतारी आणि तुणतुणं

ही वाद्यं मेमध्ये बनतात आणि आषाढीच्या वारीला पावसात जातात, त्यामुळे त्यांच्या नशिबी वाईटातला वाईट बदल येतो. खुंटी सटकत असेल तर कोरडा खडू घासा, अडकत असेल तर कोरडा साबण. एवढ्यानं वारी निघते. मेमध्ये खुंटी बसवताना ठोकून बसवू नका. निमुळती खुंटी हातानं पिळून अडेल इतकीच आत जाऊ द्या, आणि भोकाबाहेर बोटभर जास्त लांब ठेवा, म्हणजे झिजली की आत सरकवायला जागा राहते. खुंटीला शिसव घ्या.

भोपळा आणि लाकूड एकाच चालीनं हलत नाहीत, त्यामुळे त्यांच्या जोडावर केसासारखी चीर येते. ती वाढत नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. मिरजेच्या ज्या तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांच्यासाठीसुद्धा भोपळा पंढरपूरकडून जातो आणि दांडीला तुणीचं लाकूड असतं. त्या कारागिरांनाही ही चीर ओळखीची आहे. तुणतुण्याचं कातडं पावसात उतरतं, त्याला शेक देणं हाच इलाज. त्यात लाकडाचा दोष नाही.

काही समजुती

"जुन्या वाड्याचं सागवान आहे, हलणार नाही." भंगारात निघालेल्या हातमागाच्या चौकटींचं लाकूड मीही आवडीनं घेतो. त्यातला ताण निघून गेलेला असतो म्हणून ते वाकत-पिळत नाही. पण हवेतली ओल ते तशीच पितं आणि तसंच फुगतं. शंभर वर्षांचं असलं तरी मोकळीक ठेवावीच लागते.

"जवसाचं तेल पाजलं की पाणी शिरत नाही." थेंब ओघळून जातो, हवेतली ओल जाते आत. चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश बरंच बरं, पण तेही फक्त वेग कमी करतं. हा वेग कमी होणं मात्र उपयोगाचं आहे, कारण एखाद्या आठवड्याच्या झडीत सांधा फुगायच्या आत हवा बदललेली असते.

आणि कूलर. हे आपल्याकडचं खास प्रकरण. "मी तर कोरड्या मे महिन्यातच बनवली, तरी ढिली झाली" असं कुणी म्हणालं की मी पहिला प्रश्न कूलरचा विचारतो. दिवसभर कूलर चालणाऱ्या खोलीत मेमध्ये श्रावणाची हवा असते. तिथं मापात बसवलेली मूठ गिऱ्हाइकाच्या ओसरीवर जाऊन आठवड्यात हलणारच. लाकूड कूलरच्या खोलीत ठेवू नका. माणसानं कूलरमध्ये बसावं, लाकूड पोटमाळ्यावर.

नोंद ठेवायची एक सोय

ओल मोजायचं यंत्र नसलं तरी चालतं, स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. मेमध्ये ४०० ग्रॅम भरणारी, पॉलिश न केलेली सागाची काठी ऑगस्टात ४२५ च्या आसपास भरते. सांधा बसवायच्या आधी लाकूड रोज एकाच वेळी तोला. आठवडाभर आकडा जागचा हलला नाही की लाकूड खोलीच्या हवेशी जुळलं असं समजा आणि मग भोक पाडा. मी मुठीच्या भोकात, रॉड बसवण्याआधी, त्या दिवशीचं वजन आणि महिना बारीक पेन्सिलीनं लिहून ठेवतो. तेच वहीतही उतरवतो, कारण इपॉक्सी भरल्यावर आतलं कुणाला दिसणार! काठी परत आलीच तर आधी तोलून वहीतला आकडा काढायचा, हत्यारं मग.